जांघेतला हर्निया : दुर्बिणीने करावा की समोरून?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ३६ वर्षे आहे. आम्ही रावेर तालुक्यात राहतो आणि ते केळीच्या बागांत घड कापून वाहण्याचे काम करतात. साधारण वर्षभरापासून त्यांच्या उजव्या जांघेत गाठ येते. आडवे झाले की ती आत जाते, पण दिवसभर वजन उचलल्यावर संध्याकाळी ठणक लागतो. जळगावच्या एका सर्जनांनी हर्निया दुर्बिणीने करावा असे सांगितले. आमच्या जवळच्या गावातले डॉक्टर म्हणतात की समोरून छेद घेऊन जाळी बसवली तरी चालेल. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. माझ्या जेठांचे हेच ऑपरेशन दुर्बिणीने झाले होते आणि दीड वर्षात गाठ परत आली, त्यामुळे घरचे घाबरले आहेत. कोणी पट्टा बांधायला सांगते, तर कोणी म्हणते की जाळी आत सडते आणि पुरुषाला पुढे मूल होत नाही. आम्हाला एक मुलगी आहे आणि दुसरे मूल हवे आहे. काय करावे?
— एक भगिनी, रावेर तालुका

उत्तर :

ताई, आपल्या यजमानांना शस्त्रक्रियेची गरज आहे, परंतु ती उद्याच करावी लागेल अशी परिस्थिती नाही. आपल्याला सुचवलेल्या दोन्ही पद्धती योग्य आहेत आणि दोन्ही डॉक्टरांनी आपल्याला चुकीचे काही सांगितलेले नाही. दुर्बिणीची पद्धत वेदना आणि कामावर परतणे या दोन बाबतींत सरस ठरते, मात्र ती करणारा हात सरावलेला असेल तरच. हा सराव कसा ओळखायचा, हेच आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे आणि म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

आधी पट्ट्याविषयी. पोटाच्या भिंतीत जांघेपाशी एक नैसर्गिक वाट असते, जिच्यातून वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या खाली उतरतात. ही जागा सैल झाली की पोटाच्या आतले अस्तर आणि त्याबरोबर कधी चरबी, कधी आतडे बाहेर डोकावते, आणि तीच गाठ आपल्याला दिसते. हे छिद्र औषधाने, लेपाने किंवा पट्ट्याने बुजत नाही. पट्टा गाठ दाबून धरतो इतकेच, आणि तो चुकीच्या जागी बसला तर बाहेर आलेल्या आतड्यावरच दाब देत राहतो. सुमारे चार पुरुषांतील एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, तेव्हा आपल्या यजमानांना काही वेगळे, लपवण्यासारखे झाले आहे असे घरात कोणीही मानू नये. आपल्या भागातले पुरुष लाजेपोटी ही गाठ वर्षानुवर्षे कोणाला दाखवत नाहीत, आणि मग मुठीएवढी गाठ नारळाएवढी झाल्यावर येतात. अशी गाठ वृषणाच्या पिशवीपर्यंत उतरली की कोणत्याही पद्धतीने ऑपरेशन अवघड होते.

थांबून पाहिले तर काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ज्यांना गाठीचा फारसा त्रास नव्हता अशा ७२० पुरुषांचे दोन गट करून एका गटाचे ऑपरेशन केले गेले आणि दुसऱ्या गटाला थांबवून ठेवले गेले. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. थांबलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा लोकांनी दोन वर्षांतच ऑपरेशन करून घेतले, आणि पुढे दहा वर्षांपर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर गेले. त्याचे मुख्य कारण वाढत गेलेली वेदना हेच होते. आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण मात्र वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी होते. याचा अर्थ असा की त्रास नसलेला माणूस निर्धास्तपणे थांबू शकतो, पण आपल्या यजमानांना रोज संध्याकाळी ठणक लागतो आणि त्यांचे पोटच वजन उचलण्यावर आहे, त्यामुळे त्यांनी थांबण्यात लाभ नाही. तरीही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गाठ कडक झाली, आडवे झाल्यावरही आत जाईना, तिथे असह्य दुखू लागले आणि त्याबरोबर उलट्या किंवा पोट फुगणे सुरू झाले, तर ती गाठ चोळत किंवा दाबत न बसता, रात्र असो की दिवस, तत्काळ सर्जन असलेल्या रुग्णालयात जावे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो. त्या वेळी दुर्बीण की छेद हा प्रश्नच उरत नाही.

आता दोन्ही पद्धतींत प्रत्यक्ष काय होते ते पाहू. समोरून करताना जांघेत साधारण बोटभर लांबीचा तिरका छेद घेतात, बाहेर आलेली पिशवी आत ढकलतात किंवा बांधतात आणि सैल जागेवर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याची जाळी टाक्यांनी बसवतात. स्नायू ओढून एकमेकांना शिवण्याची जुनी पद्धत बासिनी या इटालियन सर्जनांनी १८८० च्या दशकात रूढ केली होती. त्या शिवणीवर ताण राहत असे आणि हर्निया परत येत असे. विसाव्या शतकाच्या शेवटी लिचेन्स्टाइन यांनी ताणाविना जाळी बसवण्याची पद्धत प्रचारात आणली, आणि आज समोरून केले जाणारे बहुतेक ऑपरेशन तेच असते. त्याची मोठी सोय ही की ते फक्त जागा बधिर करूनही करता येते. हृदयाचा किंवा दम्याचा जुना आजार असलेल्या वयस्कर माणसासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

दुर्बिणीने करताना बेंबीपाशी सुमारे एक सेंटिमीटरचे आणि त्याखाली अर्ध्या सेंटिमीटरची दोन अशी तीन छिद्रे घेतात. सर्जन पोटाच्या स्नायूंच्या मागे आणि आतल्या अस्तराच्या पुढे जी पातळ जागा असते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ती मोकळी करतात आणि मग पडद्यावर पाहत पुढे सरकतात. याचे दोन प्रकार आहेत. एकात पोटाच्या पोकळीत न शिरता बाहेरूनच या जागेत काम करतात, दुसऱ्यात पोकळीत शिरून अस्तर उघडतात आणि जाळी ठेवल्यावर ते परत शिवतात. परिणामांत या दोन प्रकारांमध्ये फारसा फरक आढळलेला नाही, त्यामुळे सर्जनांचा ज्यात हात बसला असेल तो चांगला. या ऑपरेशनचा सर्वांत नाजूक क्षण पिशवी वीर्यवाहिनीपासून सोडवण्याचा असतो. पडद्यावर ती वाहिनी पांढऱ्या दोरीसारखी दिसते, तिच्या बाहेरच्या बाजूला वृषणाच्या रक्तवाहिन्या असतात, आणि या दोघींच्या मधल्या त्रिकोणात पायाकडे जाणारी मोठी धडधडणारी धमनी व तिच्यालगतची शीर असते. अस्तर हळूहळू सोलून मागे न्यावे लागते आणि मग साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी अशी पसरवावी लागते की जिथून हर्निया येऊ शकतो ती सगळी ठिकाणे तिच्याखाली झाकली जातील. टायरला चीर पडली की आतून रबराचा तुकडा ठेवतात आणि हवेच्या दाबानेच तो जागेवर राहतो, तसेच पोटातला दाब ही जाळी भिंतीला धरून ठेवतो. जाळी लहान पडली, तिचा कोपरा दुमडला किंवा अस्तर पुरेसे मागे नेले गेले नाही, तर त्याच फटीतून गाठ परत येते.

यामुळे दुर्बिणीच्या ऑपरेशनला पूर्ण भूल लागते, यंत्रसामग्री लागते आणि सुरुवातीला वेळही जास्त लागतो. त्या बदल्यात रुग्णाला काय मिळते? जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांत हे सातत्याने दिसले आहे की दुर्बिणीच्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत वेदना कमी होतात आणि ते आपल्या नेहमीच्या कामाला सरासरीने सुमारे आठवडाभर आधी लागतात. त्याहून मोठा लाभ दीर्घकालीन वेदनेचा आहे, ज्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. स्वीडनमध्ये १,३७० पुरुषांच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर समोरून ऑपरेशन झालेल्यांपैकी १८.८ टक्के लोकांना काही ना काही दुखणे उरले होते, तर दुर्बिणीच्या गटात हे प्रमाण ९.४ टक्के होते. यातले बहुतेक दुखणे सौम्य असते, पण खांद्यावर घड घेऊन चिखलातून गाडीपर्यंत जाणाऱ्या माणसाला सौम्य दुखणेही दिवसभर छळते. जांघेच्या पुढच्या भागातून संवेदना वाहून नेणाऱ्या तीन नसा (मज्जातंतू) जातात. समोरून काम करताना त्या छेदाच्या वाटेतच येतात, आणि दुर्बिणीत बहुतांशी बाजूला राहतात, हे या फरकाचे एक कारण मानले जाते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुर्बिणीत मूत्राशय, आतडे किंवा मोठी रक्तवाहिनी यांना इजा होण्याची शक्यता दुर्मिळ असली तरी समोरच्या पद्धतीपेक्षा किंचित अधिक असते. ज्यांचे प्रोस्टेटचे किंवा ओटीपोटाचे मोठे ऑपरेशन आधी झाले आहे त्यांच्यात आतली जागा चिकटलेली असते, आणि तिथे समोरून जाणे शहाणपणाचे ठरते. आपल्या यजमानांच्या बाबतीत असा काही उल्लेख आपल्या पत्रात नाही.

गाठ परत येण्याचा प्रश्न आपल्याला सर्वांत जास्त सतावतो आहे आणि तो रास्त आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के लोकांचा हर्निया परत आला, तर समोरच्या गटात ४.९ टक्के लोकांचा. हे आकडे वाचून अनेकांनी दुर्बिणीवरचा विश्वास गमावला. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की ज्या सर्जनांनी अशी २५० हून अधिक ऑपरेशने केली होती, त्यांच्या रुग्णांत परत येण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे समोरच्या पद्धतीइतकेच, होते. स्वीडनच्या अभ्यासाचा तपशील तर याहून बोलका आहे. तिथे पाच वर्षांत दुर्बिणीच्या गटात ३.५ टक्के आणि समोरच्या गटात १.२ टक्के लोकांचा हर्निया परतला. दुर्बिणीच्या गटात परतलेल्या एकूण २१ हर्नियांपैकी ७ एकट्या एका सर्जनाच्या हातचे होते. त्या एका सर्जनाचे रुग्ण वगळले तर प्रमाण २.४ टक्क्यांवर येते आणि दोन्ही पद्धतींमध्ये ठाम म्हणता येईल असा फरक उरत नाही.

ताई, म्हणूनच मी आपल्याला कळकळीने सांगतो की "दुर्बीण चांगली की छेद चांगला" हा प्रश्न विचारण्याआधी "हे ऑपरेशन कोण करणार आहे आणि त्यांनी अशी किती केली आहेत" हा प्रश्न विचारा. २०१८ साली आलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. एका बाजूच्या, पहिल्यांदाच झालेल्या हर्नियासाठी दुर्बिणीची पद्धत सुचवली आहे, परंतु अनुभवी सर्जन उपलब्ध असतील तरच. हात बसायला देखरेखीखाली ५० ते १०० ऑपरेशने लागतात असे त्यांत म्हटले आहे. जळगावच्या सर्जनांना भेटाल तेव्हा निःसंकोच विचारा की दुर्बिणीने जांघेच्या हर्नियाची ऑपरेशने ते स्वतः करतात का, महिन्याला साधारण किती करतात, ते काम किती वर्षांपासून चालू आहे, आणि आत अडचण आली तर समोरून करण्याची तयारी असते का. पित्ताशयाची किंवा अपेंडिक्सची दुर्बिणीची ऑपरेशने पुष्कळ केली आहेत हे उत्तर पुरेसे नाही, कारण जांघेची जागा निराळी आहे आणि तिथले अवयव उलट्या बाजूने ओळखावे लागतात. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. आपल्या भागात मोठ्या डॉक्टरांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजतात, ती भीड आपण या वेळी बाजूला ठेवावी. उत्तर समाधानकारक असेल तर मी आपल्या यजमानांसाठी दुर्बीण निवडेन. उत्तर अर्धवट किंवा टाळाटाळीचे वाटले, आणि जवळच्या गावातले डॉक्टर समोरून जाळी बसवण्याचे काम वर्षानुवर्षे करत असतील, तर निर्धास्तपणे त्यांच्याकडे जावे. सरावलेल्या हाताचा छेद हा नवख्या हाताच्या दुर्बिणीपेक्षा केव्हाही चांगला.

खर्चाबाबत एवढे लक्षात घ्यावे की फरक भूल, यंत्रे आणि काही ठिकाणी महागड्या जाळीमुळे पडतो. जाळी जितकी महाग तितके ऑपरेशन पक्के, हा समज खरा नाही, आणि याचा उत्तम दाखला आपल्या खानदेशातच आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड योग्य रीतीने निर्जंतुक करून हर्नियाच्या जाळीसारखे वापरले आणि त्याचे निष्कर्ष २००३ साली भारतीय शल्यशास्त्राच्या नियतकालिकात मांडले. गरीब रुग्णालाही ताणाविना ऑपरेशन मिळावे हा त्यांचा हेतू होता. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महाग जाळीशी तुलना केली गेली, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया परतला होता. एका छोट्या गावातल्या सर्जनांच्या कामाला जगाने अशी पोच द्यावी, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्याला यातून घ्यायचे ते एवढेच की कोणी दोन-तीन प्रकारच्या जाळ्यांचे वेगवेगळे दर पुढे ठेवले, तर साधी, प्रमाणित पॉलिप्रॉपिलीनची जाळी मागण्यात काहीही कमीपणा नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आपल्याला लाभ मिळतो का, याची चौकशी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी. जळगाव आणि धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. खर्चाची तुलना करताना बुडणारी मजुरीही धरावी, कारण रोजंदारीवर काम करणाऱ्या घरात एक आठवडा आधी कामावर जाणे हीसुद्धा मिळकतच असते.

जाळी आत सडत नाही. ती ज्या धाग्याची असते तोच धागा शस्त्रक्रियेत टाके घालायलाही वापरतात. काही आठवड्यांत शरीराची ऊती तिच्या छिद्रांतून वाढते आणि ती भिंतीचाच भाग होते. तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण तो क्वचित होतो. मुलाबद्दलची आपली काळजी मी समजू शकतो. जाळी बसवल्याने पुरुषाची मूल होण्याची क्षमता जाते असे मोठ्या अभ्यासांतून दिसून आलेले नाही. वीर्यवाहिनीला इजा होणे शक्य आहे परंतु दुर्मिळ आहे, आणि एका बाजूची वाहिनी दुखावली तरी दुसरी बाजू शाबूत असते. शारीरिक संबंध दुखत नसेल तेव्हापासून, साधारण दोन-तीन आठवड्यांत, सुरू करता येतात. हा विषय यजमानांनी स्वतः डॉक्टरांशी बोलावा, त्यांना संकोच वाटत असेल तर आपण विचारावा.

ऑपरेशनपूर्वी एक काम मात्र त्यांनाच करायचे आहे. ते बिडी ओढत असतील तर किमान चार ते सहा आठवडे आधी ती बंद करावी, कारण धुराने खोकला येतो, जखम भरायला उशीर लागतो आणि हर्निया परतण्याची शक्यताही वाढते. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावरही आधीच उपचार करावा. तारीख ठरवताना केळीच्या मृगबाग किंवा कांदेबाग या दोन लागवडींपैकी कोणती कापणी त्यांच्याकडे जोरात असते ते पाहून मधला मोकळा महिना निवडावा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून चालणे-फिरणे, जिना चढणे, हलके घरकाम सगळे चालते. तीन-तीन महिने काहीच उचलू नका, हा जुना सल्ला पुराव्यावर उभा नाही. तरी पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेणे ही साधी हालचाल नाही, म्हणून दुर्बिणीनंतर महिनाभर आणि समोरून झाल्यास थोडा अधिक काळ ते काम करू नये असे माझे मत आहे. त्या काळात मुकादमाकडून पाने काढणे किंवा मोजणीचे काम मागून घ्यावे.

ऑपरेशननंतर आठवड्याभरात जांघेत किंवा वृषणाच्या पिशवीत पुन्हा फुगवटा दिसला तर घाबरू नका. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी साचते आणि रुग्णाला वाटते की हर्निया परत आला. हे पाणी सहसा सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जिरते, आणि ते घरी किंवा गावात कोणाकडूनही सुईने काढून घेऊ नये, कारण त्यातूनच जाळीपर्यंत जंतू जातात. ताप आला, जागा लाल होऊन गरम लागली किंवा लघवी अडली, तर मात्र लगेच दाखवावे. तीन महिन्यांनंतरही दुखणे कायम राहिले तर ते सोसत न बसता सर्जनांना सांगावे, त्यावर उपचार आहेत.

आपल्या जेठांसाठीही दोन शब्द लिहितो. त्यांचा हर्निया दुर्बिणीनंतर परतला आहे, म्हणजे आतली जागा एकदा हाताळली गेली आहे, म्हणून त्यांचे पुढचे ऑपरेशन समोरून करणे सर्वसाधारणपणे योग्य ठरते. समोरून झालेला हर्निया परतला असता तर याउलट दुर्बीण सुचवली असती. त्यांच्या पहिल्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, त्यात कोणती जाळी आणि किती मोठी वापरली याची नोंद असेल ती, शोधून ठेवावी आणि दुसऱ्या सर्जनांकडे जाताना बरोबर न्यावी.